वाराबंद चिमट्याची मोहीम

आरंभी जगांतील समस्त खटपटी माणसांस मुजरा, आणि त्यांजबरोबर संसार करणाऱ्या माणसांस त्याहून दोन मुजरे अधिक. वर्तमान ऐसे जे, राज्ये बुडाली, तख्ते उलटली, त्यांच्या हकीकती लिहिणारे उदंड जाहले. परंतु कपडे वाळत घालावयाच्या चिमट्यापायी तिसऱ्या मजल्यावर जे रण माजले त्याची दखल कोणी घेतली नाही, म्हणोन ही बखर लिहिण्याचे योजिले. यांत पदरचे कांही घातले नाही. घातले असेल ते शोभेपुरते.

राजश्री खटपटेसाहेब हे लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत मिस्त्री. कागदावरील नांव निराळे होते, परंतु ते बायकोही विसरत चालली होती. कोणाचे कुलूप अडो, कोणाचा पंखा कुरकुरो, साहेब पान्हा घेऊन हजर, आणि मग दुरुस्ती होवो न होवो, घरचे लोक पंख्याविना झोपावयास शिकत. पुढे साहेब निवृत्त जाहले आणि त्यांणी घराच्या मागील गॅलरीचा आश्रय केला. गॅलरी ती काय, दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने माघार घ्यावी इतकी. परंतु साहेबांस तो दुर्ग. तेथे टेबलास कसलेली वाईस, म्हणजे लोखंड धरावयाचा शिकंजा, खिळ्यांचे डबे, कानशी, स्प्रिंगा, आणि डोक्यावर कपड्यांच्या दोऱ्या निशाणांसारख्या.

या दुर्गांतून साहेबांनी पूर्वी दोन मोहिमा काढिल्या होत्या. पहिली, आपोआप लागणाऱ्या दाराची. ते दार एकवार लागले ते उघडेना, आणि मग बिजागऱ्या कापोन पाहुण्यांस बाहेर काढावे लागले. दुसरी, मुंग्या न शिरणाऱ्या साखरेच्या बरणीची. मुंग्या शिरल्या नाहीत हे खरे, परंतु साखरही निघाली नाही. साहेबांचा हात धरण्याच्या विद्येत निष्णात, सोडण्याचे मात्र त्यांस कधी सुचलेच नाही.

घरांत हुकूम चाले तो बाईसाहेबांचा. बाईसाहेब बँकेत लॉकर खात्याच्या मुखत्यार. कोणाच्या पेटीत काय आहे, कोण भावास चुकवोन येतो, कोण रिकामीच पेटी उघडोन रडते, सर्व त्यांस ठाऊक. परंतु ओठांस शिवण. आणि त्यांचे बंधू मेहुणेराजे, यांचे घरगुती यंत्रांचे दुकान. ते दर रविवारी येत, हॉलमध्ये न्हाणीघराच्या भिंतीस लागोन असलेल्या खुर्चीत बैसत, आणि कपडे धुण्याच्या यंत्राची स्तुती करीत. गॅलरीवर त्यांची नजर होती, कारण यंत्र मावेल ऐसी दुसरी जागा त्यांस दिसत नव्हती.

बाईसाहेबांचा पक्ष खोटा होता ऐसे बखरकार म्हणत नाही. चादरी पिळोन त्यांची मनगटे सुजत, आणि बँकेत किल्ली फिरविताना कळ उठे. सबब एके दिवशी हुकूम सुटला की, या खेपेस साहेबांनी काय शोध लावावयाचा तो लावावा आणि त्याची पेटंटाची सनद आणावी. सनद आली तर दुर्ग साहेबांचा, न आली तर दुर्गावर यंत्र चढेल आणि वाईस, कानशी, डबे सर्व माळ्यावर जाईल. साहेबांनी मान डोलाविली. मग गॅलरीत जाऊन वाईसचा दांडा उगाच फिरविला आणि त्या निर्जीव लोखंडास हळूच म्हणाले, "आणि मी दिवसभर बसायचं कुठे?" दाराआड बाईसाहेब बादली घेऊन उभ्या होत्या. त्या आत पाऊल न टाकिता तशाच माघारी गेल्या.

त्याच सुमारास वारा सुटला आणि दोरीवरील चादर उडोन खालच्या मजल्यावरील मावशींच्या मस्तकी पडली. मावशी चादरीआडून जे बोलिल्या ते लिहिण्याजोगे नाही. परंतु साहेबांच्या डोक्यांत वीज चमकली. लिफ्टचा दोर तुटोन पाळणा कोसळू लागला की रुळालगतची पाचर त्यास धरते, आणि पाळणा जो जो ओढ घेई तो तो ती अधिक आवळते, ही त्यांची हयातीची विद्या. मग तीच पाचर लहान करोन चिमट्यात बसविली, आणि वारा ओढील तितका घट्ट धरणारा चिमटा सिद्ध जाहला. नांव ठेविले वाराबंद. पुढल्या वावटळीत इमारतीच्या साऱ्या दोऱ्या ओस पडल्या, आणि साहेबांची चादर तेवढी फडफडत राहिली. संध्याकाळी ती काढू गेले तो चिमटा सोडीना. दोघांनी ओढिली, चादरीचा कोपरा चिमट्यात राहिला आणि बाकी चादर बाईसाहेबांच्या हाती आली. साहेब म्हणाले, "बघितलंस? याला म्हणतात पकड!"

आता शोध म्हणजे गुप्त राखावयाची वस्तु, हे साहेबांस पक्के ठाऊक होते. म्हणोन त्यांणी गुप्ततेची मोठी तजवीज केली, ती ऐसी. प्रथम खालच्या मावशींस जिन्यांत गांठोन सर्व रचना सांगितली आणि शपथ घातली की कोणास सांगो नये. मग वॉचमनास तैसीच शपथ घातली, मग न्हाव्यास, मग दातांच्या डॉक्टरास, तोंडात हत्यारे असता जमेल तेवढी. मेहुणेराजांस चहाबरोबर सांगितली. आणि शपथ घेतलेल्यांस ओळखता यावे म्हणोन प्रत्येकास नमुन्याचे चार चार चिमटे नजर केले. इतक्यानेही पोट न भरता, पाचर कैसी आवळते याची चित्रफीत काढोन इमारतीच्या ग्रुपवर टाकिली आणि खाली लिहिले, 'अत्यंत गुप्त. कृपया पुढे पाठवू नये.' मग काय विचारावे! आजवर इमारतीत कोणतीही गोष्ट इतक्या तातडीने पुढे गेली नव्हती.

यानंतर साहेब सनद आणावयास निघाले. दाराच्या आतल्या बाजूस चिमट्यांची पिशवी टांगलेली होती, तीच घाईने खांद्यास लाविली. बाईसाहेबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकोन कुमकेस येण्याचे केले, कां की मुलाखतीत साहेब काय काय बोलोन बैसतील याचा भरवसा नव्हता. पेटंटाच्या वकीलीणबाई एका अरुंद जिन्यावरच्या खोलीत बैसत. त्यांणी पाणी दिले, आणि सवालजवाब जाहले ते जैसे बोलिले तैसेच लिहितो.

"कल्पना छान आहे," वकीलीणबाई म्हणाल्या. "अजून कुणाला दाखवली नाहीत ना?"

"छे छे! अगदी गुप्त ठेवलंय. ज्याला ज्याला सांगितलं, त्याला त्याला बजावलंय, कुणाला सांगू नका म्हणून."

वकीलीणबाईंचे पेन थांबले. "किती जणांना?"

साहेब बोटे मोजू लागले, आणि दोन्ही हातांची बोटे संपल्यावर बाईसाहेबांच्या हाताकडे पाहू लागले. मग चित्रफितीचे वर्तमान निघाले. वकीलीणबाईंनी ती आपल्याच मोबाइलवर शोधिली तो ती त्यांच्या मावसभावाने आधीच पाठविलेली होती.

"काका," त्या म्हणाल्या, "पेटंट नव्या गोष्टीला मिळतं. जगजाहीर झालेली गोष्ट नवी राहत नाही. ही पकड तुम्ही स्वतःच वाटून टाकलीत. तुमच्याच नावाचा पुरावा तुमच्याविरुद्ध उभा राहणार."

साहेबांचा चेहरा उतरला. धीर गेला, आणि डोळ्यांपुढे गॅलरीत यंत्र घरघरताना दिसो लागले. हताश होऊन त्यांणी पिशवीत हात घातला, हाती आला तो चिमटा काढिला, टेबलावरील पुसण्याच्या फडक्यास लाविला आणि म्हणाले, "निदान बघून तरी घ्या कसा धरतो." वकीलीणबाईंनी फडके ओढिले, चिमटा आवळला. मग त्यांचा अंगठा सहज बाजूस लागला, टक् ऐसा आवाज जाहला, आणि फडके अलगद सुटोन हाती आले.

साहेब ताडकन उठिले. "हा सुटला कसा? हा सुटायला नको! बिघडलाय हा!"

"बिघडला नाही," बाईसाहेब म्हणाल्या. "तो माझा आहे."

मग उघड जाहले ते ऐसे. चादर फाटली त्याच रात्री बाईसाहेबांनी आपल्या केसांतील टिकटिक पिना वाकवोन दारावरच्या पिशवीतील चिमट्यांच्या पाचरीमागे एकेक बसविली. अंगठा दाबावा तो पिन उलटते, आणि पिन उलटते तो पाचर मागे सरते. साहेब सकाळी पेपरात बुडालेले असत तेव्हा त्या याच चिमट्यांनी कपडे घालीत, काढीत, आणि चिमटे पिशवीत टाकोन बँकेस जात.

"मग मला का नाही सांगितलंस?" साहेबांनी विचारिले. आवाज लहान जाहला होता.

"तुम्हांला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत दातांच्या डॉक्टरला कळलं असतं. आणि..." येथे बाईसाहेब पर्सची साखळी ओढू लागल्या. "त्या दिवशी तुम्ही त्या वाईसशी बोलत होतात ना, ते ऐकलं मी. म्हटलं, निदान कपडे सुटावेत. बाकीचं मग बघू."

वकीलीणबाई चिमटा पुनःपुन्हा दाबोन पाहत होत्या. "धरणं सगळ्या गावाला माहीत आहे," त्या म्हणाल्या, "पण हे सोडणं कुणी पाहिलेलं नाही. यावर अर्ज करता येईल. फक्त दाखल होईपर्यंत तोंडाला कुलूप. शोध लावणाऱ्याचं नाव काय लिहू?"

आजवर तीन मोहिमा साहेबांनी आपल्या नांवावर लढविल्या होत्या, आणि ही पहिलीच होती की जीत नजरेस पडत होती. साहेबांनी घसा खाकरला, चष्मा पुसला, तो पुन्हा पुसला. मग म्हणाले, "हिचं लिहा. सोडायचं मला कुठे सुचतं?"

त्यानंतर अर्ज दाखल होईतो साहेब घरी नजरकैदेत राहिले. त्यांचा मोबाइल बाईसाहेबांनी बँकेच्या लॉकरांत नेऊन ठेविला आणि न्हाव्याकडे जाणे बंद केले. साहेबांचे केस कानांवर आले तरी दया केली नाही. जिन्यांत मावशी भेटत आणि चिमट्याचे काय जाहले ऐसे पुसत, तेव्हां साहेब खोकला आला ऐसे दाखवीत आणि पळत. ही शर्थ कोणत्याही वेढ्याहून थोर होती, हे बखरकार आपल्या जबाबदारीवर लिहितो. पुढे अर्ज पोचला, आणि पेटंट कचेरीच्या परीक्षकांनी हरकतींचे खलिते धाडिले. एका खलित्यास खुद्द साहेबांची गुप्त चित्रफीत जोडलेली होती. वकीलीणबाईंनी जबाब दिला की ती चित्रफीत अखेरपर्यंत पाहावी, तीत चिमटा एकदाही सुटत नाही. या जबाबापुढे परीक्षकांचा मोर्चा हटला.

इकडे अर्ज दाखल जाहल्यावर बाजाराची मसलत चालली, आणि माल मेहुणेराजांच्या दुकानी विकावा ऐसे ठरले. नव्या मालाची कीर्ति कैसी पसरावी याचा घोर मेहुणेराजांस लागला होता, परंतु तो घोर व्यर्थ ठरला. साहेबांनी फुकट वाटलेल्या चिमट्यांनी गावभर चादरी, परकर, शाळेचे सदरे धरोन ठेविले होते आणि ते कोणासही सुटत नव्हते. सबब सुटणारा चिमटा निघाला ही आवई उठताच ते सर्व लोक मेहुणेराजांच्या दुकानी लोटले. मावशी सर्वांत पुढे. त्या म्हणाल्या, "माझा पडदा त्या मेल्या चिमट्याने ओलीस ठेवलाय, आधी मला द्या!" ज्या बडबडीने मोहीम बुडत होती तीच बडबड माल खपवू लागली, आणि मेहुणेराजांनी साहेबांस प्रथमच भावोजी ऐसी हांक मारिली.

यथाकाळ सनद आली. तीत बाईसाहेबांचे नांव, आणि त्यांचे म्हणणे पडले की वाईस साहेबांची, कानस साहेबांची, पाचर साहेबांची, तेव्हां साहेबांचेही नांव असावेच. ते त्यांणी अर्ज भरतेवेळीच खाली लिहविले होते आणि सांगितले मात्र नव्हते. साहेबांनी कागदावरील आपले खरे नांव वाचिले आणि ते कोणाचे हे क्षणभर ओळखिले नाही. मग ओळखिले, आणि पाणी पिण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरांत गेले.

तह जाहला तो येणेप्रमाणे. यंत्र घरांत आले, परंतु गॅलरीत नव्हे. हॉलमध्ये न्हाणीघराच्या भिंतीस, जेथे मेहुणेराजांची खुर्ची असे तेथे, आणि नळाची जोडणी साहेबांनी स्वहस्ते केली, ती एकाच ठिकाणी गळते. मेहुणेराजे आता रविवारी उभ्याने चहा घेतात. दुर्ग साहेबांकडे कायम राहिला, मात्र आत दुसरे स्टूल आले, आणि बाईसाहेब बँकेतून येऊन त्यावर बैसू लागल्या, इतक्या अरुंद जागी की एकाने कानस घेतली तर दुसऱ्याने हात आवरावा.

परवा साहेबांस एक नवी मसलत सुचली. ते सवयीने उठिले, जिन्याकडे निघाले, मावशींच्या दारापर्यंत पोचले, बेलवर बोट ठेविले, आणि मग बोट काढोन माघारी आले. गॅलरीत येऊन बाईसाहेबांच्या कानाशी लागोन सर्व सांगितले. बाईसाहेब हसल्या, म्हणाल्या, "बरं. पण हे सुटणार कसं, ते आधी सांगा."

ती मसलत कोणती, हे या बखरकारास ठाऊक नाही. मावशींस ठाऊक नाही, न्हाव्यास नाही, दातांच्या डॉक्टरासही नाही. सबब मोहीम फत्ते जाहली, ऐसी नोंद येथे केली असे.