माझ्या अंगात आलं त्याची गोष्ट

एकवीस दिवसांत मी वाघ होणार होतो! साल २००६. संस्थेत चौदा वर्षं क्लार्क होतो, हेडक्लार्कची जागा रिकामी झाली होती आणि सोमवारी चेअरमन खंडेरावांसमोर मुलाखत होती. अडचण एकच. चारचौघांत आपल्याला बोलता येत नाही, हे मी लहानपणापासून मनाशी पक्कं धरलेलं! व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात गेलो, तिथल्या सरांनी उपाय दिला : स्वतःच्याच आवाजात हिमतीची वाक्यं टेप करा आणि एकवीस दिवस रोज ऐका.

रविवारी सकाळी ऐकत होतो, तेवढ्यात लोडशेडिंग! टेपचं बटण तसंच दाबलेलं राहिलं आणि मी बायकोला, मोहिनीला, घेऊन येवल्याला लग्नाला गेलो.

दिवेलागणीला परतलो, तर पंचवटीतली आमची गल्ली चिडीचूप. पन्नासएक माणसं आमच्या कुलूपबंद दाराकडे बघत उभी! वीज नुकतीच आली होती, पण व्होल्टेज इतकं कमी की बल्ब निखाऱ्यासारखे लाल दिसत होते. आणि घरातून घोगरा, ओढलेला आवाज...

“मी... कोणाला... भीत... नाही... माझ्यातली... शक्ती... जागी... झालीय...”

शेजारच्या भागीबाई मुठीत मीठ-मिरच्या धरून पुटपुटत होत्या. गल्लीतच राहणारे खंडेराव चपला हातात घेऊन उभे होते, म्हणजे पळायला बरं! मग एकदम डोक्यात प्रकाश पडला.

“अगं, ही माझी टेप! व्होल्टेजमुळे आवाज बसलाय,” मी मोहिनीच्या कानात कुजबुजलो.

“काहीतरीच! तुम्ही जन्मात कधी असं बोललात का?”

“दार फोडा रे!” भागीबाई ओरडल्या.

माझं सागवानी दार! कसा कोण जाणे, मी पायरीवर चढलो आणि गरजलो, “खबरदार! आत बोलतोय तो मीच आहे!”

सगळी गल्ली दहा पावलं मागे सरकली.

“अंगात आलं!” कोणीतरी किंचाळलं.

“हे आमचे नाहीत हो!” मोहिनीनं हंबरडा फोडला.

भागीबाईंनी मीठ-मिरच्या माझ्या तोंडावर फेकल्या आणि हात जोडले. “कोन हायेस बाबा तू? काय पायजे तुला?”

डोळ्यांची आग झाली, आणि चौदा वर्षांचा राग उसळून वर आला. “हेडक्लार्कची जागा पाहिजे! चौदा वर्षं तोंड शिवून बसलोय! मुलाखत नको, आत्ता सांगा!”

“दिली! दिली!” खंडेराव ओरडले. “पण त्या गरीब माणसाला सोड!”

ऑर्डर आली. हल्ली मी कुठेही, कोणासमोरही बेधडक बोलतो. मोहिनी मात्र दर अमावास्येला माझ्यावरून नारळ ओवाळते आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणते, “देवा, माझा तो न बोलणारा नवरा परत दे!”