द्वारकाकाकूंचं हवाई अंतर

एका जंगलात चिखलपूर नावाचं शहर होतं, पोरांनो. हसू नका. जंगलात शहर नसतं, हे मलाही कळतं. गोष्टीत असतं.

तिथे द्वारकाकाकू नावाची बगळी राहायची. लेक मालन दूर हिमनगरला दिलेली. एके सकाळी मालनचा निरोप आला, "आई, तीन दिवसांत अंडं फुटेल. त्याआधी ये. पिल्लाला न्हाऊ घालायची मला भीती वाटते."

काकू तडक अंतर-कचेरीत गेल्या. तिथे घुबडसाहेब बसायचे.

"हवाई अंतर दोनशे कोस," साहेब म्हणाले. "वेळ एक दिवस, चार तास, बावीस मिनिटं."

"बावीस कशावरून?"

"मिनिटं सांगितली की लोकांचा विश्वास बसतो."

"तुम्ही कधी गेलाय का तिकडे?"

"मी? मला उन्हात दिसत नाही."

तरी साहेबांचं गणित चुकलं नव्हतं. काकूंचे पंख दणकट होते. तशाच उडाल्या असत्या तर वेळेत पोचल्या असत्या. पण बाई वाटेत माकडिणीला सांगून बसली, "उद्या लेकीकडे निघतेय हो!"

झालं! दुपारपर्यंत दारात ही रांग.

"जाताच आहात तर एवढे डिंकाचे लाडू न्या," माकडीण म्हणाली. "माझ्या भाच्याला तिकडे काही म्हणता काही मिळत नाही."

साळिंदरानं लोणच्याची बरणी आणली. "उडताना वाकडी करू नका हं. तेल गळतं."

अस्वलभाऊंनी सुनेसाठी वरवंटा आणला.

"अहो भाऊ, दगड आहे हा!"

"हलकाच आहे, काकू. मी एका हातानं उचलतो."

नकार अगदी चोचीपर्यंत आला होता. तेवढ्यात अस्वलीण मागून म्हणाली, "काकू कुणाला नाही म्हणायच्या नाहीत. स्वभावच सोन्यासारखा!"

चोच मिटली.

दुसऱ्या दिवशी सगळ्याचं गाठोडं बांधून काकूंनी पंख मारले. वीतभर वर गेल्या आणि धपकन खाली. तीनदा.

"टाका ते गाठोडं!" कावळा ओरडला.

"आणि परत येऊन यांना तोंड कसं दाखवू?" काकू म्हणाल्या, आणि गाठोडं पाठीवर घेऊन चालत निघाल्या.

तीन महिन्यांनी हिमनगर आलं. दारात एक उंच, पांढरंशुभ्र पोर उभं होतं. न्हालेलं, माखलेलं, उडायला शिकलेलं.

"आलीस?" मालन म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "बस. मला आता सगळं येतं."

पोरानं आजीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आई, हिला पंख आहेत. मग ही चालत का आली?"

"तुझी आजी फार चांगली आहे, बाळा."

तात्पर्य : वेळेवर पोचायचं असेल तर थोडं वाईट व्हावं. लोक आठ दिवस नावं ठेवतात. तेवढ्यात आपण पोचलेले असतो.