मिथेन सपाट नसतो

धाकट्या दिराचं लग्न ठरून मोडलं, त्या वर्षीची ही गोष्ट. थोरली सून गल्लीच्या टोकाला असलेल्या रंगाच्या कारखान्यात डबे धुवायची. त्या दिवशी दुपारी तिची तोंडी परीक्षा होती. पास झाली तर प्रयोगशाळेत बढती, नाहीतर जन्मभर डबे. आणि कार्बन काही केल्या डोक्यात शिरत नव्हता.

"बाबा, कार्बनला म्हणे चार हात असतात," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "चारही कुणीतरी धरलेले लागतात. मिथेनमध्ये चार हायड्रोजन धरतात."

सासरे निवृत्त कवायत मास्तर. त्यांचा विश्वास पुस्तकावर नव्हता, शिट्टीवर होता.

"सूनबाई, घोकून काय होतंय? अंगवळणी पडलं पाहिजे. सगळे इकडे या रे!"

माणसाला हात दोनच, म्हणून पायही हातांत मोजले. सून जेवणाच्या टेबलावर आडवी झाली. उजवा हात सासूने, डावा सासऱ्यांनी, एक पाय नवऱ्याने आणि दुसरा दिराने धरला.

"पण बाबा, मिथेन सपाट नसतो. हात वर-खाली, चार दिशांना असतात."

"मग उचला!"

"अहो, जरा हळू!" सून नवऱ्यावर ओरडली. समोरच्या खिडकीतून शेजारणीने हे पाहिलं.

"अगंबाई! काय झालं हिला?"

"काही नाही हो," सासू धापा टाकत म्हणाली, "घरात मिथेन झालाय!"

शेजारणीच्या तोंडात तीळ भिजत नसे. त्यात मिथेन पेट घेतो, एवढंच नेमकं तिला ठाऊक होतं. "गॅस! गॅस!" करत ती गल्लीभर फिरली. घंटा वाजवत बंब आला. घरं रिकामी झाली, मग कारखानाही. मास्तरांनी 'विश्राम' म्हटलं नव्हतं, म्हणून घरच्यांनी सुनेला तशीच धरून जिना उतरवला.

"गळती कुठाय?" बंबाच्या अधिकाऱ्याने विचारलं.

दिराचे हात अडकलेले. त्याने हनुवटीने दाखवलं. "हा काय मिथेन. आमची वहिनी."

कारखान्यातून बाहेर काढलेल्या गर्दीत परीक्षा घेणारे साहेबही होते. ते पुढे आले, सुनेभोवती एक फेरी मारली.

"मिथेन बरोबर आहे. आता इथेन दाखवा. त्यावरच निकाल."

"इथे न दाखवू तर कुठे दाखवू?" सासू उसळली. "घरात शिरू देतंय का कोणी?"

"आई, थांबा! इथेन म्हणजे दोन कार्बन, सहा हायड्रोजन," सून हवेतूनच म्हणाली. "बाबा, माझा हात सोडू नका. दुसरे कार्बन तुम्ही."

मास्तर ताठ झाले. शेजारणीने त्यांचा मोकळा हात धरला, अधिकाऱ्याने एक पाय उचलला. दुसऱ्या पायाला माणूस मिळेना. एकेक जण मागे सरकू लागला.

"साहेब, एक हायड्रोजन कमी पडतोय," सून काकुळतीला आली. "अर्धवट इथेनवर नापास करू नका हो."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि मास्तरांचा पाय उचलला.

"पास," ते कण्हत म्हणाले. "आता सोडू का?"

"हायड्रोजनने विचारायचं नसतं," मास्तर वरून गरजले.

सोमवारी सून प्रयोगशाळेत रुजू झाली. सासरे त्यानंतर दोन वर्षांनी, मार्च महिन्यात, दुखणं न काढता वारले.