लिंबाजी हवालदारांचे मफलर

उदगीरच्या भर मे महिन्यात, लोक कूलरसमोरून हलत नसताना, आमचे शेजारी लिंबाजीमामा ओट्यावर बसून लोकरीचा मफलर विणतात. फौजेतून निवृत्त झालेले हवालदार, पिळदार मिश्या आणि हातात दोन सुया. येणाऱ्याजाणाऱ्याच्या गळ्याकडे बघत म्हणतात, "मान उघडीच हाय की तुमची." आठवड्यात मफलर घरपोच. आमच्या घरात आता माणसांपेक्षा मफलर जास्त आहेत.

हे विणकाम त्यांना लढाईनंतर फौजेच्या दवाखान्यात एका नर्सबाईंनी शिकवलं. मामांचे थोरले भाऊ मारुतीदादा तालमीतले पैलवान. गड्यानं दुखलं म्हणू नये, हा त्यांच्या घरातला कायदा. त्यांना वाटलं होतं, धाकटा छाती फुगवून लढाईच्या गोष्टी सांगत येईल. तो आला सुया घेऊन. दादांनी त्या ओट्यावरून जाणंच सोडलं.

गेल्या उन्हाळ्यात मामांच्या मुलीला, सुनीताला बघायला निलंग्याची मंडळी आली. घरातले थोरले म्हणून दादा आले होते, शेजारी म्हणून मलाही बैठकीत बसवलं होतं. पाहुणे दारात दिसले तसे दादांनी मामांच्या हातातून सुया ओढून घेतल्या आणि गादीखाली कोंबल्या.

चहा आला. मामांनी कपबशी उचलली आणि बशी खडखडायला लागली. चहा पँटवर सांडला, तरी खडखड थांबेना. मुलाच्या वडलांनी बराच वेळ पाहिलं, मग हळूच विचारलं, "हवालदारसाहेबांना थोडी घ्यायची सवय हाय का?"

सुनीता पोहे घेऊन दारातच थबकली. दादांच्या मानेची शीर तटतटली.

मामांनी कपबशी खाली ठेवली. "दारू न्हाई पीत मी," ते म्हणाले. "डोंगरावर माझ्या बाजूचा जवान गेला. तवापासून हात रिकामे असले की कापतेत. विणत राहिलो की थांबतेत."

पाहुणे 'कळवतो' म्हणून उठले. त्यांनी कधीच कळवलं नाही, आणि सुनीतालाही त्याचं वाईट वाटलं नाही.

ते गेल्यावर दादा उठले. आता हे भावावर हात उगारतात की काय, म्हणून मीही उठलो. पण बापाच्या चितेपाशीही डोळे कोरडे ठेवलेला तो माणूस मामांसमोर जमिनीवर बसला. त्यांचे दोन्ही हात त्यानं आपल्या जाडजूड पंजांत धरले.

"लई दिसांपासून असं होतंय का?"

मामांनी होकारार्थी मान हलवली. मग खाली बघत म्हणाले, "दादा, सोडू नको एवढ्यात."

मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता बाहेर पडलो.