धर्मपित्याची गादी आणि टायगरपंत वकिलाची शिष्टाई

पवित्र क्रुसाची खूण करोन, चष्मा पुसोन, वृत्त लिहावयास आरंभ केला. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सर, माघ मास. स्वामींनी पुसिले की धाकट्या पातीस पुत्र जाहला, त्याचे बाप्तिस्म्यास धर्मपिता कोण नेमिला, कैसा नेमिला, आणि दोन भावांचे सात वर्षांचे वैर होते त्याचे पुढे काय जाहले, ते एक अक्षर न वाढविता लिहोन धाडणे. तरी आम्ही काही वाढविले नाही. कोठे वाढलेले दिसल्यास ते आपोआप वाढले असे समजावे.

पश्चिम समुद्राचे काठी केळी, पानवेली आणि नारळ यांचे एक राज्य होते. राज्य म्हणजे सव्वा एकर. थोरले महाराज पेद्रू यांचे काळी ते अखंड होते. मग महाराज देवाघरी गेले, आणि त्यांच्या महिन्याच्या मिस्सेच्या प्रार्थनेनंतर तिसरे दिवशी सांतान व पास्कू या दोघा पुत्रांनी वाटणी केली. विहीर बरोबर सरहद्दीवर आली म्हणोन वाचली, बाकी दिसेल ते कापिले. चौदा पायऱ्यांची एक शिडी होती, ती थोरले सांतानराव यांनी "तुला सात, मला सात" म्हणोन करवतीने मधोमध कापिली, आणि त्या दिवसापासोन ऐसे जाहले की दोन्ही राज्यांत शिडी होती आणि दोन्ही राज्यांत कोणाचा हात कौलास पोहोचत नव्हता. कुत्रा एकच होता, नाव टायगर. तो कापता येईना. मग तो दुपारचे इकडे जेवू लागला आणि रात्रीचे तिकडे. भावांचे बोलणे बंद पडले, तथापि एका विहिरीवर दोन राज्ये चालवायची म्हणजे बोलल्यावाचून भागत नाही, याकारणे दोघेही कुत्र्याशी बोलू लागले. पास्कूराव कुंपणापाशी उभे राहोन म्हणत, "टायगर, सांग बाबा लोकांना, मोटर बंद करा, आमची केळी सुकली." आणि पलीकडोन थोरले कुत्र्यासच उत्तर देत, "टायगर, सांग, अर्ध्या तासात करतो. आम्ही काय सगळं पाणी पितो का?" टायगर मध्ये बसोन कान खाजवीत असे. येणेप्रमाणे त्यास दोन्ही दरबारांची वकिली प्राप्त जाहली, लोक त्यास टायगरपंत म्हणू लागले, आणि सात वर्षांत त्याने एकही निरोप पदरचा मजकूर घालोन पोहोचविला नाही. मोठमोठ्या राज्यांच्या वकिलांस हे साधत नाही.

ऐसियात पास्कूरावांच्या राणीसाहेब इस्तेरबाई यांस लग्नानंतर नववे वर्षी पुत्र जाहला, आणि राज्यात साखर वाटिली. फादरांनी फर्माविले की राखेचा बुधवार तोंडावर आला, उपासकाळात बाप्तिस्मा करणे नाही, सबब येत्या रविवारी नऊच्या मिस्सेस बाळ आणावे आणि शनिवारी सांजेपर्यंत धर्मपिता व धर्ममाता यांची नावे लिहोन द्यावी. पंचांगाप्रमाणे त्या रविवारी अमावास्या होती, परंतु राज्याचे पंचांग निराळे असल्याकारणे कोणी ते उघडले नाही. आता राज्याचा रिवाज ऐसा की, पहिल्या पुत्रास धर्ममाता आईच्या माहेरची आणि धर्मपिता बापाच्या घरचा. त्यातही बापास थोरला भाऊ असता मान त्याचा. बाळ देवळात म्हणजे चर्चात न्यावे धर्ममातेने, आणि डोक्यावर पाणी पडले की बापाने ते आपल्या हाताने उचलोन धर्मपित्याच्या हाती द्यावे. धर्ममातेचा प्रश्न बायकांनी तांदूळ निवडता निवडता सोडविला. इस्तेरबाई म्हणाल्या, "जुली?" आणि धाकटी बहीण जुली म्हणाली, "मग काय." मसलत संपली. धर्मपित्याचे प्रकरणी मात्र पुरुष बसले, आणि घोळ जाहला.

घोळाचे मूळ पास्कूरावांचे जिभेत होते. त्यांस जन्मापासोन नाही म्हणता येत नसे. प्रथम त्यांचे मेहुणे रेमीसाहेब कुवेतेहून आले आणि बाळाचे पायाकडे पाहोन म्हणाले, "भावोजी, धर्मपिता मी. ठरलं. क्रूस घेऊन आलोय सोन्याचा." पास्कूराव म्हणाले, "बघू की." रेमीसाहेबांनी त्याच सांजेस बाजारात जावोन पांढरा झगा, टोपी आणि लांब मेणबत्ती खरेदी केली. मग दुसरे दिवशी बँडवाले बस्त्यावराव आले, आणि पास्कूरावांचे पाठीवर थाप मारोन बोलते जाहले की, "तुझ्या लग्नात चार तास वाजवलं मी, ताशा फुटला माझा. धर्मपिता दुसरा कोण होणार रे?" पास्कूराव म्हणाले, "बघू की." बस्त्यावरावांनी घरी जावोन कोट इस्त्रीस टाकला. येणेप्रमाणे गादी एक आणि तिजवर बसणारे दोन जाहले, आणि जो खरा हक्काचा तो कुंपणापलीकडे पानवेलीस पाणी घालीत होता व त्यास कोणी काही पुसिले नव्हते.

पास्कूरावांचे मनात काय होते ते आम्हांस ठाऊक. त्यांस रेमी नको होते, बस्त्याव नको होते, दादा पाहिजे होते. परंतु दादांस विचारावे आणि दादांनी तोंड फिरवावे, तर पोराचे पहिले मंगलकार्य आणि आपला जन्माचा अपमान एकाच दिवशी व्हावयाचा, या भयाने ते चार दिवस कुंपणापर्यंत जात आणि लिंबाची पाने मोजोन परत येत. शनिवारी दुपारी इस्तेरबाईंनी बाळ मांडीवर घेवोन तह मांडिला.

"अहो, कोणाचं नाव देणार आहात?"

"बघू की."

"ते बघू की घाला विहिरीत. मान थोरल्या भावोजींचा आहे. ते नाही म्हणाले तर रेमी आहेच. पण विचारायचं तुम्ही. उद्या हा मोठा होऊन म्हणेल, पलीकडे सख्खा काका होता आणि माझ्या बापाला चार पावलं टाकता आली नाहीत. काय सांगू मी त्याला?"

मग पास्कूराव उठले आणि कुंपणापाशी गेले. पलीकडे थोरले वाफे ओढीत होते, कुदळीचा आवाज येत होता. टायगरपंत सरहद्दीवर उन्हात झोपले होते. पास्कूराव घसा साफ करोन म्हणाले, "टायगर, सांग, उद्या नऊच्या मिस्सेला पोराचा बाप्तिस्मा आहे." कुदळ चालू होती. "सांग, की रिवाज आहे. मान थोरल्याचा आहे." कुदळ थांबली. पास्कूरावांस वाटले की आता उत्तर येते, आणि त्या भयानेच ते घाईने म्हणाले, "सांग, की जबरदस्ती कोणाची नाही." मग कुदळ पुन्हा चालू जाहली. टायगरपंतांनी एक डोळा उघडिला आणि मिटला. पास्कूराव तैसेच परतले.

"काय म्हणाले?" इस्तेरबाईंनी पुसिले.

"काही नाही."

"तुम्हाला की कुत्र्याला?"

"कुणालाच."

त्याउपरी सांजेस पास्कूराव पाय ओढीत फादरांचे कचेरीत गेले, आणि रेमीचे नाव सांगावयास तोंड उघडिले, तो फादर वहीतून डोके वर न काढता म्हणाले, "तू द्यायचं ते नाव लिहून झालंय, पास्कू. धर्मपिता सांतान. दुपारीच येऊन सही करून गेला, पायाला चिखल घेऊन. फरशी पुसून घ्यावी लागली. मी विचारलं, पास्कू बोलला का तुझ्याशी? म्हणाला, नाही, रीतसर निरोप आला. विचारलं, कोणी आणला? म्हणाला, टायगरने." मग फादरांनी चष्मा काढिला आणि म्हणाले, "माझ्या बत्तीस वर्षांत असा निरोप्या ऐकला नाही. पण एक लक्षात ठेव. उद्या चर्चमध्ये कुत्रं आणायचं नाही." पास्कूराव म्हणाले, "बघू की." मग भानावर येवोन म्हणाले, "नाही, फादर." ऐसे ते आयुष्यात प्रथमच नाही म्हणाले.

रेमीसाहेबांची समजूत त्यांच्या बहिणीने काढिली. त्या म्हणाल्या, "झगा तुझाच घालू, क्रूस तुझाच घालू, आणि दुसऱ्याला तूच." आणि दुसऱ्यास आणखी नऊ वर्षे लागतील हे रेमीसाहेबांचे ध्यानी येण्याआधी त्यांच्यापुढे कोंबडीचे ताट ठेविले. बस्त्यावराव रुसले. तरी रविवारी बँड घेवोन आले आणि वाजविले, फक्त पहिली दोन गाणी मयताची वाजविली.

मग जुलीबाईंनी बाळ देवळात नेले. सांतानराव लग्नातला कोट घालोन आले होते, तो पोटावर मिटत नव्हता. दोघे भाऊ बाप्तिस्म्याच्या पाण्याच्या कुंडाच्या दोन बाजूंस उभे राहिले आणि मध्ये फादर. फादरांनी पुसिले, "सैतानाचा त्याग करता का?" सांतानराव म्हणाले, "करतो." पुसिले, "त्याच्या सर्व कृत्यांचा?" सांतानरावांनी क्षणभर विचार केला, बहुधा शिडी आठवली, आणि म्हणाले, "करतो." मग पाणी पडले आणि बाळाने ऐसी आरोळी ठोकिली की बस्त्यावरावांचा कर्णेवाला दाराशी दचकला. रिवाजाप्रमाणे पास्कूरावांनी बाळ उचलिले. सवयीने त्यांची नजर खाली, दोघांच्या मध्ये गेली. तेथे फरशी होती. वकील बाहेर पायरीवर बसला होता. सांतानरावांस मूल नव्हते. त्यांनी केळीचा घड घ्यावा तैसे दोन्ही हात पुढे केले आणि बाळ घेतले, आणि बाळाची मान मागे कलली.

"दादा, मान!" पास्कूराव ओरडले. "मान धर त्याची!"

सगळे चर्च ऐकत होते. सांतानरावांचा तळहात आधीच मानेखाली गेला होता. ते बाळाकडे पाहातच म्हणाले, "धरली रे. तुला कोण अंघोळ घालायचं लहानपणी? मला शिकवतोस, पास्कू?"

पास्कूरावांनी खिशातोन रुमाल काढिला आणि बाळाचे डोके पुसले, मग थोड्या वेळाने तोच रुमाल आपल्या नाकास लाविला. फादरांनी पुढील प्रार्थना दोनदा वाचिली, त्यांचेही पान चुकले होते.

येणेप्रमाणे धर्मपित्याची गादी भरिली. राज्ये अद्याप दोनच आहेत. शिड्याही दोनच आहेत, परंतु कौल शाकारावयाचे असता दोरीने बांधोन एक करितात, आणि कोणती अर्धी वर लावावी यावरोन कुंपणापाशी उभ्या उभ्या भांडतात, तोंडाने, एकमेकांशी. टायगरपंतांची वकिली त्या रविवारपासोन खालसा जाहली. ते अजोन सांजेस सरहद्दीवर येवोन बसतात, आणि दोघे भाऊ बोलू लागले की एकदा याचे तोंडाकडे व एकदा त्याचे तोंडाकडे पाहातात. दोन्ही घरची भाकर मात्र चालू ठेविली आहे. जैसे घडले तैसे लिहिले, लेखनसीमा.