सांगून जायचं

साटम मावशींनी मला एकदा मीरा रोड स्टेशनच्या पुलावरून परत बोलावलं. मी काही विसरलो नव्हतो. डबा, छत्री, पास, सगळं जवळ होतं. फक्त निघताना माझ्या दीड वर्षाच्या मुलीला, सईला, मी ‘येतो’ म्हटलं नव्हतं. ती बाटलीच्या झाकणाशी खेळण्यात रमली होती, आणि रमलेल्या पोराची नजर चुकवून सटकणं ही कला तोवर मला बऱ्यापैकी साधली होती.

पुलावर मोबाइल वाजला. त्या काळात मला एक तर बायकोचा फोन यायचा, नाही तर क्रेडिट कार्ड विकणाऱ्यांचा.

“सईचे बाबा, तुम्ही सांगून नाही गेलात.”

“मावशी, ती खेळत होती.”

“होती. आता दाराकडे बघतेय. परत या.”

“अहो, मी स्टेशनवर आहे. गाडी येतेय.”

“गाड्या दिवसभर येतात,” असं म्हणून मावशींनी फोन ठेवला.

मी परत गेलो. शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या शेजारी, अर्धा बाहेर लटकत गेलो. सई मजेत केळं खात होती. मावशींनी मला बूट काढायला लावले, चटईवर बसवलं आणि मान हलवून खूण केली. “सई, मी येतो हं,” मी म्हणालो. सईने माझ्याकडे पाहिलं, केळं टाकलं आणि जो काही गळा काढला तो वरच्या मजल्यांपर्यंत गेला असणार.

“आता कसं,” मावशी समाधानाने म्हणाल्या. “जा आता.”

मावशींचं पाळणाघर सिल्व्हर पार्कला, आमच्याच सोसायटीत, तळमजल्यावर. मूळच्या त्या मालवणकडच्या, पण आयुष्य गेलं लालबागला. नवरा लवकर गेला. औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला होत्या. कंपनी बंद पडली तेव्हा थोडे पैसे हातात आले, त्यात लालबागची खोली विकून आलेले घातले आणि इथे वन रूम किचन घेतलं. मुलगा प्रशांत शिकून पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला होता. घर रिकामं, म्हणून मावशींनी सोफा विकला, चटया अंथरल्या आणि लोकांची मुलं सांभाळायला घेतली. दारावर पाटी नव्हती, कारण सोसायटीत पाट्यांना मनाई आहे. गरजही नव्हती. रोज सकाळी मुलं रडून स्वतःच जाहिरात करायची.

आम्ही मावशींकडे हौसेने गेलो नव्हतो. माझी बायको मेधा बोरिवलीला एका बँकेत आहे. तिची रजा संपत आली, तेव्हा मूल कुणी सांभाळायचं याचा विचार आम्ही दोघांनी प्रथमच गंभीरपणे केला. माझी आई संगमेश्वरला, आणि तिचे गुडघे तिला अंगण सोडू देत नव्हते. सासूबाईंना मेव्हण्याच्या जुळ्यांनी आधीच अडकवून ठेवलं होतं. फ्लॅटचा हप्ता दोघांच्या पगारावर बेतलेला. तेव्हा पाळणाघराला पर्याय नव्हता.

पहिलं पाळणाघर आम्ही भपका पाहून निवडलं. भिंतीवर भलामोठा जिराफ रंगवलेला होता, आणि त्या जिराफाचा खर्च आमच्याकडून वसूल होत असावा. डिपॉझिट वेगळं, अ‍ॅडमिशनचे वेगळे, महिन्याची फी वेगळी. दूध आपलं, डायपर आपले, आणि संध्याकाळी उशीर झाला की दर अर्ध्या तासाचे पुन्हा वेगळे. शिवाय ‘अ‍ॅक्टिव्हिटी चार्जेस’. एवढंसं मूल कसली अ‍ॅक्टिव्हिटी करतं, असं मी विचारलं. “पेपर टेअरिंग,” तिथल्या बाई म्हणाल्या. हीच अ‍ॅक्टिव्हिटी सई घरी माझ्या वर्तमानपत्रावर फुकट करायची. मेधाच्या पगाराचा मोठा तुकडा जिराफाला जायचा, उरलेल्यातला बराचसा रिक्षावाल्यांना.

पण तिथे सई रडायची नाही. बाई खुळखुळा वाजवून तिचं तोंड भिंतीकडे फिरवायच्या आणि मला हाताने ‘पळा’ म्हणायच्या. मी पळायचो. “बघा, किती गुणी आहे!” बाई संध्याकाळी सांगायच्या. ही गुणी मुलगी घरी आली की मेधाची ओढणी सोडायची नाही. मेधा अंघोळीला गेली की बाथरूमच्या दाराबाहेर बसून दोन्ही हातांनी दार बडवायची. मेधा चार तांबे अंगावर घेऊन तशीच बाहेर यायची. ती वाळत चालली होती. एके दिवशी म्हणाली, “दिवाळीपर्यंत बघते. नाहीतर नोकरी सोडते.” नोकरी सोडली तर फ्लॅटचं काय होणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

म्हणून मग साटम मावशी. त्यांनी सईकडे ओझरतं पाहिलं आणि तपासणी माझी सुरू केली.

“सोडायला कोण येणार?”

“मी.”

“जाताना तिला काय सांगणार?”

“काय सांगणार म्हणजे?”

“कुठे जाताय, ते नको सांगायला?”

“ऑफिसला.”

“ऑफिस काय कळणार तिला! काय करता तिथे?”

“बिलं तपासतो.”

“मग तेच सांगायचं.”

तेव्हापासून रोज सकाळी, बूट काढून, उकिडवा बसून, मी माझ्या मुलीच्या डोळ्यांत बघून सांगायचो, “सई, मी बिलं तपासायला चाललोय.” इतकी वर्षं नोकरी केली, पण हे वाक्य मी कधी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. उच्चारल्यावर त्या कामाबद्दलचा माझा आदर जरा कमी झाला.

नुसतं कुठे जातो ते सांगून भागायचं नाही. परत कधी येणार तेही सांगावं लागे, आणि ‘संध्याकाळी’ हे उत्तर मावशींना मान्य नव्हतं. “तिला घड्याळ कळतं? खूण सांगा काहीतरी.” मी सांगितलं, दिवे लागले की येतो. ही खूण मला फार सोयीची वाटली. श्रावणात एकदा भर दुपारी आभाळ इतकं भरून आलं की मावशींनी ट्यूबलाइट लावली. सई उठून दाराशी जाऊन उभी राहिली. मावशींच्या लक्षात आलं. त्यांनी ट्यूबलाइट बंद केली आणि पुन्हा लावलीच नाही. मी पोचलो तेव्हा अख्खं पाळणाघर काळोखात बसून चाचपडत मुरमुरे खात होतं. “या,” मावशी म्हणाल्या. “लावा बटण.”

बाकीचे आईबाप माझ्यासारखेच जेरीला आलेले. मेहता नावाचे गृहस्थ नशीबवान, कारण ते गुजरातीत मुलाला ‘आवजो’ म्हणायचे, आणि त्यात येणं असल्यामुळे मावशींना ते पसंत होतं. पाण्याचे पंप विकणारे अन्सारी मात्र पहिल्याच दिवशी अडकले.

“चलता हूँ, बेटा,” ते म्हणाले.

“चलता हूँ नै. आता हूँ बोलो,” मावशींनी दार अडवलं.

“मौसी, अभी तो जा रहा हूँ.”

“जाता तो सब है. आनेका बोलो.”

सहा फुटी अन्सारी खाली बसले आणि मुलाला म्हणाले की पंप बेचके आता हूँ. मुलगा किंचाळला. अन्सारींचेही डोळे भरून आले, पण त्यांनी ते सर्दीवर ढकललं.

या सगळ्याचा परिणाम म्हणून सकाळी नऊच्या सुमारास आमच्या विंगमध्ये जो आकांत व्हायचा, त्याचा विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये निघाला. सेक्रेटरी भोसले म्हणाले, “मावशी, पलीकडच्या सोसायटीतही पाळणाघर आहे. तिथून आवाज येत नाही.”

“तिथे आई कधी गेली तेच पोरांना कळत नाही,” मावशी म्हणाल्या. “रडतील कधी?”

भोसल्यांनी मीटिंग पाण्याच्या टँकरकडे वळवली.

खरं सांगायचं तर माझा मावशींच्या पद्धतीवर विश्वास नव्हता. गणपतीत सई रडली, नवरात्रात रडली. दिवाळी तोंडावर आली. रोज आपल्याच तोंडाने सांगून पोरीला रडवायचं आणि मग दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासायची, यात कसलं शहाणपण आहे हे मला कळत नव्हतं. मी एकदा काकुळतीने म्हणालोही, “मावशी, आजच्या दिवस गुपचूप जाऊ द्या.” मावशी मूग निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “माझ्याकडे ते चालत नाही.” त्यांचा आवाज असा होता की मी बूट काढायला लागलो.

मग एका सकाळी मी उकिडवा बसलो, तोंड उघडलं, तोच सई म्हणाली, “बाबा, बिल.” हातातलं बिस्किट माझ्या दिशेने हलवलं आणि पाठ फिरवून अन्सारींच्या मुलाकडे गेली. मी चटईवर तसाच बसून राहिलो. मला आनंद व्हायला हवा होता. थोडा अपमानच वाटला.

त्या रविवारी मेधाने दार लावून, डोक्यावरून, अर्धा तास अंघोळ केली. सई बाहेर भांडी वाजवत बसली होती. हे मावशींच्या पद्धतीमुळे झालं की नुसतं वय वाढल्यामुळे, मला सांगता येणार नाही. मेधाने राजीनाम्याचा विषय पुन्हा काढला नाही, एवढं खरं. आमचा जीव भांड्यात पडला.

मावशींचा प्रशांत कंपनीच्या कामाने मुंबईत आला की आईकडे मुक्कामाला असायचा. तो येणार असला की मावशी उत्तनहून येणाऱ्या कोळणीला दोन दिवस आधी बांगडे सांगून ठेवायच्या आणि आम्हा सर्वांना सकाळी निरोप घेताना जरा घाई करू द्यायच्या. मुलगा चांगला होता. हसतमुख, सरळ.

एका शनिवारी मला हाफ डे होता. दुपारी सईला न्यायला गेलो, तर मावशींचं दार अर्धवट उघडं, आणि प्रशांत त्यातून अंग चोरून बाहेर येत होता. खांद्याला बॅग, हातात बूट. मला पाहून त्याने तोंडावर बोट ठेवलं. जिन्याच्या पायरीवर बसून बूट चढवता चढवता हळू आवाजात म्हणाला, “झोपलीये आई. उठवलं नाही. उठवली की रिक्षापर्यंत येते, आणि मग रिक्षा सोडत नाही.”

“अहो, पण निदान सांगून—”

“पुण्याला पोचलो की फोन करतो ना,” तो म्हणाला, हसला आणि गेटकडे गेला.

मला वाईट वाटलं आणि त्याचा रागही आला. मी आत गेलो. मुलं चटयांवर आडवीतिडवी झोपली होती. मधोमध मावशी कुशीवर पडल्या होत्या, सईचा पाय त्यांच्या पोटावर. मावशींचे डोळे उघडे होते.

“गेला ना?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही जाग्या होतात?”

“बॅगेची चेन ओढली, तेव्हाच जाग आली.”

“मग उठायचं ना, मावशी! थांबा, गेटपर्यंतच गेला असेल. मी आणतो त्याला.”

“नको.” त्यांनी पडल्या पडल्याच हात आडवा केला. “फर्स्ट शिफ्टला मी अशीच जायचे. शेजारणीला सांगून, चपला हातात घेऊन. तो तेव्हा तीन वर्षांचा असेल.”

“झोपलेला असायचा ना तो?”

“नाही हो. जागा असायचा. पापण्या हलायच्या, मला दिसायच्या.” सईचा पाय त्यांनी अलगद खाली ठेवला. “तो डोळे मिटून पडायचा, म्हणून मला जाता यायचं.”

बाहेर गेटपाशी रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला. मावशींनी डोळे मिटून घेतले, आणि रिक्षा वळून दूर जाईपर्यंत उघडले नाहीत.