अस्सल निघण्याची पंचाईत

"माझ्या खोलीतली एक वस्तू कुणी खोटी ठरवून दाखवावी, सगळं भंगारात देईन," मेजर म्हणाला.

हे तो बायकोसमोर म्हणाला, तिथंच चुकलं.

मेजर विमा कंपनीत कारकून होता. लष्कराशी त्याचा संबंध एवढाच, की तो लष्कराची जुनी हत्यारं जमवायचा. बंदुका वगैरे नव्हेत. पाने, पकडी, हातोड्या, कानशी. गोळी सुटली की इतिहासात जाते, पण ज्या पान्यानं ट्रकचं चाक बसवलं त्याला कुणी विचारत नाही, असं त्याचं म्हणणं होतं आणि ते तो बहुधा इतरांचं तोंड घासानं भरलेलं असताना मांडायचा. ऑफिसातल्यांनी त्याला मेजर नाव ठेवलं. त्याला ते आवडलं, म्हणून ते टिकलं.

बायको दातांची डॉक्टर. तिच्या लेखी हत्यार म्हणजे दिवसभर वापरायची आणि उकळून ठेवायची वस्तू. मेजरच्या हत्यारांना मात्र दोन कडक नियम होते: वापरायचं नाही आणि घासायचं नाही. गंज म्हणजे वय.

"आणि धूळ?" तिनं एकदा विचारलं होतं.

"तीसुद्धा त्याच काळातली असू शकते."

आता सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या काही महिने लेकीकडे राहायला येणार होत्या. घरात झोपायच्या खोल्या दोन. एकीत ही दोघं झोपत, दुसरीत हत्यारं.

"ठीक आहे," बायको म्हणाली. "ज्याला त्यातलं कळतं त्याला बोलाव. सगळं अस्सल निघालं तर खोली हत्यारांची. एक जरी खोटं निघालं तर खोली आईची आणि बाकीचं भंगारवाल्याचं."

ज्याला कळतं असा माणूस एकच होता. भिंगकाका. निवृत्त ग्रंथपाल, गळ्यात दोऱ्यानं बांधलेलं भिंग, आणि घाई हा शब्द ठाऊक नाही. एका कानशीचा निकाल देण्याआधी ते तिला घरी नेऊन महिनाभर टेबलावर ठेवत असत. चहाला नाही म्हणणं मात्र त्यांना जमत नसे. रविवारी बायको आईला आणायला गेली, काका आले, आणि मेजरनं त्यांना लागोपाठ तीन मोठे कप पाजले. परीक्षक खुशीत असलेला बरा.

मग दोघं खोलीत गेले. काकांना शांतता लागते म्हणून मेजरनं दार लावलं. दाराची मूठ त्याच्या हातात आली आणि तिचा दुसरा अर्धा भाग पलीकडे खण्णकन पडला.

"मूठ निघाली," मेजर म्हणाला.

"कुठल्या सालची?" काकांनी वळून न बघता विचारलं.

"दाराची, काका. आपण अडकलो."

त्या मुठीचा स्क्रू गेले कित्येक महिने ढिला होता. बायकोनं चार वेळा सांगितलं होतं. घरात स्क्रूड्रायव्हर कुठाय, असं उत्तर मेजरनं दिलं होतं.

मेजरचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता, काकांचा पिशवीत, आणि पिशवी हॉलमध्ये. समोरच्या भिंतीवर उंचीप्रमाणे लावलेले स्क्रूड्रायव्हर होते. दोघांनी तिकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

"काका, एखादा..."

"वापरायचा?" संग्रहालयातल्या राजाच्या पलंगावर जरा आडवं होऊ का, असं कुणी विचारल्यासारखा काकांचा चेहरा झाला. मग त्यांनी विचार केला. "एक करता येईल. यातला एखादा खोटा असेल तर त्यानं दार उघडू. खोट्याचं काय जातंय?"

खोटा निघाला तर खोली जाणार, आणि नाही निघाला तर खोलीतून बाहेर पडता येणार नव्हतं.

काकांनी भिंग डोळ्याला लावलं. लष्करी मालावर बाणाची खूण ठोकलेली असते. खुणेवर गंज चढलेला असला तर माल अस्सल. गंजावर खूण ठोकलेली दिसली तर ती कुणीतरी मागाहून केलेली कारागिरी.

"अस्सल," काका म्हणाले. मेजरची छाती फुगली.

"हाही अस्सल. वा." छाती आणखी फुगली. दार होतं तसंच होतं.

पहिली रांग अस्सल निघाली. दुसरी निम्मी झाली तेव्हा काकांनी पायावर पाय टाकला. मग पाय बदलला. मग ते उभे राहिले आणि उभ्यानं निकाल देऊ लागले. निकालही हळूहळू कडक होत गेले.

"हा बाण तिरका वाटतो."

"मघाच्याचाही तिरकाच होता, काका. तुम्हीच म्हणालात, युद्ध होतं, ठोकणारा घाईत असेल."

"तेव्हा घाई त्याला होती." काकांनी भिंतीवरचा सगळ्यात लांब, लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर उचलला. "हा खोटा."

"भिंग तरी लावा!"

"काही गोष्टी नुसत्या डोळ्यांनी कळतात."

"काका, तो माझा सगळ्यात चांगला आहे. तो खोटा ठरला तर ही खोली जाईल हो."

"मेजर," काका भिंतीला टेकून शांतपणे म्हणाले, "आणखी थोडा वेळ गेला तर ही खोली कुणालाच नको होईल."

मेजरनं डोळे मिटले, दाराच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घातला आणि जोर लावला. काहीतरी वाकलं, काहीतरी तुटलं, दार उघडलं. नेमक्या त्याच वेळी बायको सासूबाईंचा हात धरून घरात शिरत होती. त्या दोघींच्या मधून, नमस्कार न करता, काका बाथरूमकडे निघून गेले.

"काय म्हणाले?" बायकोनं विचारलं.

"एक खोटा निघाला," मेजर हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे बघत म्हणाला.

"बरं. उद्या भंगारवाल्याला बोलावते." ती हसलीसुद्धा नाही. त्यानं तर तो जास्तच खचला.

काका परत आले ते निराळेच होऊन. चेहऱ्यावर साऱ्या जगाला माफ केल्यासारखी शांती होती. त्यांनी मेजरच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला, सावकाश भिंगाखाली धरला.

"अस्सल आहे हो हा. मघाशी मी जरा घाईनं बोललो." मग त्यांनी टोक पाहिलं. "अरेरे. इतकी वर्षं जपलेला. कुणी केलं हे?"

मेजर तुटलेल्या दाराकडे बघू लागला.

"म्हणजे सगळंच अस्सल?" बायकोनं काकांना विचारलं.

"एकूण एक. मी लिहून देतो."

"नको. मी शब्द दिलाय." तिनं सासूबाईंची बॅग उचलली. "खोली हत्यारांची. आई माझ्याजवळ झोपेल."

मेजरला क्षणभर आनंद झाला. मग तो मोजू लागला, पलंगावर किती माणसं मावतात ते.

पुढच्या महिन्यात भिंगकाका पकडी पुन्हा सावकाश बघायला आले. भिंतीकडे जाण्याआधी ते थबकले, वाकले, आणि हत्यारांच्या खोलीत जमिनीवर अंथरलेली मेजरची गादी त्यांनी भिंगातून बराच वेळ न्याहाळली. पापडासारखी पातळ, मध्ये खड्डा, कडेला शिवण उसवलेली.

"ही मात्र खरी लष्करी दिसते," ते आदरानं म्हणाले. "कुठल्या पलटणीची?"

"सासूबाईंची," मेजर म्हणाला.